वाचनालयासमोरचा खड्डा

सोमवारी सकाळी जयमालानं संग्रामपूरच्या वाचनालयाचं फाटक उघडलं आणि ती जागीच थिजली. समोर लॉन नव्हतं. चार उन्हाळे टँकरच्या पाण्यावर तिनं जगवलेलं गवत उपटून त्याचा ढीग घातला होता, आणि गुडघाभर खड्ड्यात उभा राहून एक अनोळखी तरुण फावडं मारत होता.

"कोनं सांगतलं तुमाले हे खोदाले?"

तो दचकला. "वाचनालयाच्या कमिटीचा ठराव झाला न... लॉन काढून पावसाच्या पान्याची बाग. छपराचं पानी जिरवाचं, इथलीच फुलझाडं लावाची, मधमाश्या येतीन. मी जीवन, दुसरबीडचा."

"हे लॉन मी लावलं व्हतं. इथली बाग मीच पाहतो."

जीवनचा चेहरा पांढरा पडला. "तुमाले कोनीच नाही सांगतलं?"

तिनं मान फिरवली. डोळे भरले होते, ते त्याला दाखवायचे नव्हते. तो फावडं ठेवून वर आला. "मंग आज काम बंद. तुमी म्हनसान तवाच."

मनात नसताना तिची नजर खड्ड्यात गेली. "जागा चुकली तुमची. छपराचं पानी थ्या फाटकाकडं पळते. अन् ही काळी माती... खाली मुरूम-रेती नाही टाकली तं आठ दिस डबकं राहीन."

त्यानं खिशातून बागेचा नकाशा काढला, उलटासुलटा करून पाहिला, मग गुपचूप घडी घालून तिच्याच हातात दिला.

खड्डा बुजला, फाटकाजवळ नवा झाला. दोघांनी मिळून तरवड लावला, निरगुडी, रानतुळस, तेरडा. ऑगस्टात एका दुपारी दोन तास पाऊस कोसळला आणि खड्डा काठोकाठ भरला. वाचनालयाच्या ओसरीत दोघं भिजून उभे.

"नाही जिरलं तं?" तिनं विचारलं.

"तं तुमची बोलनी खाईन."

"मी कुठं बोलतो?"

"म्हनूनच तं भेव वाटते..."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाणी जिरलं. तिनं तळाशी हात लावून हसत वर पाहिलं. जीवन खड्ड्याकडे पाहतच नव्हता.

सप्टेंबरात तेरडा गुलाबी झाला, तरवडावर मधमाश्या घोंगावू लागल्या. जीवन त्याच्या आईला, सरस्वतीबाईंना, बाग दाखवायला घेऊन आला. बाईंनी फुलांकडे पाहिलं, मग जयमालाकडे.

"हेच का रे थे पोरगी? रोज फोनवर जिचं सांगतं?"

जयमालाच्या हातातली खुरपी खाली पडली. जीवनचे कान लाल झाले. सरस्वतीबाई मात्र काही झालंच नाही अशा थाटात तेरड्याकडे चालू लागल्या.

"मले तं कधी काही नाही म्हनलं तुमी," जयमाला कशीबशी म्हणाली.

"हिंमत नव्हती होत..."

"मंग आता म्हना."

"आईसमोर?"

"त्या फुलं पाहून राह्यल्या."

तो म्हणाला – इतक्या हळू, की मधमाश्यांचाच आवाज मोठा.

"आयकू नाही आलं," जयमाला म्हणाली.

आलं होतं. तिला पुन्हा ऐकायचं होतं.