गुणी बाळाचा उपास

"धन्वी, तू नक्की अदलाबदल केलीस!" शाल्मली म्हणाली.

धन्वी हा सोमपूर या चंद्रावरच्या वसाहतीतला, दवाखान्यातला यंत्रमानव. त्याने नुकताच शाल्मलीच्या नवजात भावाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतला होता. पडद्यावर साखरेचा आकडा आला : बत्तीस. फारच कमी. गरोदरपणात आईची साखर वाढलेली असायची, हे शाल्मलीला ठाऊक होतं. मग तिच्याच बाळाची कमी कशी?

"दुसऱ्या कुणाचा थेंब मी आज घेतलेलाच नाही," धन्वी म्हणाला. "अदलाबदल कशाशी करू?"

"आकडे राहू देत," मावशी म्हणाली. "केवढा गुटगुटीत आहे! आणि गुणी किती, दुधालासुद्धा उठत नाही. थांबा, मधाचं बोट चाटवते."

"मध नको गं, तान्ह्याला बाधतो," आजी हळूच म्हणाली. ती इथली डॉक्टर. "आणि दुधाला न उठणारं बाळ गुणी नसतं. दमलेलं असतं."

तिने बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून दुलई घातली. धन्वीने बाळाच्या गालाच्या आतून साखरेचा लेप चोळला. आई त्याला जागं करून पाजू लागली.

"आजी, आज संकष्टी. तूही सकाळपासून उपाशी आहेस. मग तुझी साखर का घसरत नाही?" शाल्मलीने विचारलं.

"माझं यकृत (पोटातला साखर साठवणारा अवयव) म्हणजे कोठार. मी जेवले नाही, की ते थोडी थोडी साखर सोडतं."

"याचं कोठार रिकामं आहे?"

"दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या किंवा फार बारीक बाळाचं तसं असतं. याचं भरलेलं आहे. पण बघ, पोटात असताना नाळेतून आईची जास्तीची साखर याला मिळायची. म्हणून याच्या स्वादुपिंडाने (जठरामागच्या ग्रंथीने) भरपूर इन्सुलिन (रक्तातली साखर पेशींना पोचवणारं द्रव्य) केलं. भंडाऱ्याला खूप वाढपी बोलवावेत ना, तसं. नाळ कापली, मागून भात यायचा थांबला. वाढपी मात्र वाढतच राहिले."

"मग पातेलं रिकामं!"

"आणि कोठाराचं दारही तेच दाबून उभे आहेत."

शाल्मलीने बाळाकडे पाहिलं. "त्याला काही होईल का गं?"

"मेंदूला साखर लागते. फार वेळ मिळाली नाही, तर इजा होऊ शकते. म्हणून तर घाई," आजी म्हणाली. धन्वीने शिरेतून द्यायची साखर तयारच ठेवली होती.

सगळे थांबले. मग बाळाचा जबडा हलला. एकदा. पुन्हा. तो चुटूचुटू ओढू लागला.

थोड्या वेळाने दुसरा थेंब घेतला. छप्पन्न. टाच टोचल्याबरोबर बाळाने असं भोकाड पसरलं, की मावशीने कान झाकले. "अगंबाई! गुणी म्हटलं ते परत घेते!"

आई हसता हसता रडत होती.

"अजून बरेचदा पाजायचं, पुन्हा पुन्हा तपासायचं," आजी म्हणाली. "एक-दोन दिवसांत वाढपी कमी होतील, दार उघडेल. मग याचं यकृतच याला सांभाळेल."

"पृथ्वीवर, तुमच्या साताऱ्याला चंद्रोदय झाला," धन्वीने आजीला कळवलं.

इथे चंद्र उगवायचा कुठून? आजीने वाकून पायाखालच्या जमिनीला नमस्कार केला.

"आता जेव ना," शाल्मली म्हणाली.

"जेवते. आधी याचा उपास नीट सुटू दे."