ओठकरी

प्रत्येक मुलाच्या आत एक गाणं दडलेलं असतं आणि ते बाहेर आणणं हेच शिक्षणाचं खरं कार्य होय, असं मुख्याध्यापिका मॅडम दर वर्षी पहिल्याच सभेत सांगत. गाण्याच्या बाई मागच्या खुर्चीवर बसून मान डोलवत. त्यांचा अनुभव असा होता, की काही मुलांच्या आत ते इतकं व्यवस्थित दडलेलं असतं की त्याला तिथंच राहू देण्यात सगळ्यांचं भलं.

ही मुलं बाईंच्या गायनवृंदात मागच्या रांगेत उभी असत. ज्याला गायचंय त्याला घ्यायचं, कुणाला नाही म्हणायचं नाही, असा शाळेचा नियम. नियम मॅडमचा होता. कान बाईंचे होते. तेव्हा बाईंनी मधली वाट काढली होती. मागच्या रांगेनं गायचं नाही, फक्त ओठ हलवायचे. विज्ञानाचे सर त्यांना 'ओठकरी' म्हणत आणि ते नाव शिक्षकांच्या खोलीत रुजलं होतं.

बाई कामाच्या पक्क्या. ओठ हलवायचे तेसुद्धा नीट हलवले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह. 'आ' म्हणताना तोंड किती उघडायचं, श्वास कुठं घ्यायचा, वरच्या सुराला भुवया किती चढवायच्या, सगळं त्या घोटून घेत. परिणाम असा झाला, की अख्ख्या वृंदात खरं गाणारे कोण वाटत असतील तर ते ओठकरीच. पुढची मुलं गाताना घड्याळाकडे बघत. मागची मुलं जीव ओतून गप्प बसत.

त्यांच्यात अग्रगण्य होती ती भोंगा. हे तिचं शाळेतलं नाव. तिनं वर्गात 'हजर' म्हटलं की शेजारच्या वर्गातली मुलं उठून उभी राहत. आवाज मोठा होता, पण त्याला घर नव्हतं. एका सुरावरून निघायचा आणि वाटेल तिथं मुक्काम करायचा. भोंगा मात्र शहाणी मुलगी. बाईंनी ओठ हलव म्हटल्यावर तिनं का म्हणून विचारलं नाही. "बरं बाई," म्हणाली आणि मागं जाऊन उभी राहिली.

त्या वर्षी मॅडमनी बाईंना बोलावून घेतलं. शहरातली एक संस्था दर वर्षी एका शाळेच्या मुलांना मोठ्या सभागृहात, खऱ्या वाद्यवृंदाबरोबर गाण्याची संधी देत असे.

"या वर्षी आपली निवड झाली पाहिजे," मॅडम म्हणाल्या.

"प्रयत्न करू."

"प्रयत्न नको, निवड. संगीताची खोली संगणकांसाठी मागताहेत. काहीतरी दाखवायला लागेल मला. नाहीतर पुढच्या वर्षी तुम्हाला भूगोल देते. तुमचा आवाज खणखणीत आहे, मागच्या बाकापर्यंत पोचेल."

बाईंचं भूगोलाशी वाकडं नव्हतं, पण ओळखही नव्हती. भूगोलाची पुस्तकं त्याच दिवशी त्यांच्या टेबलावर येऊन पडली. मॅडम आशावादी होत्या, पण तयारीच्या होत्या.

संगीताची खोली खेळाच्या सामानाला लागून. त्यामुळे तिथं गाण्याला नेहमी रबरी चटयांचा वास येई. एक जुना पियानो, त्यावर पाण्याच्या बाटल्यांचे गोल डाग, खिडकीतून दिसणारा वाहनतळ. या खोलीत काही गूढ घडेल असं कुणाला वाटलं नसतं. इथं साधा ताल घडायची मारामार होती.

पहिल्यांदा बाईंना ते ऐकू आलं तेव्हा त्यांना वाटलं, कुणीतरी चांगलं गातंय. ही गोष्टच इतकी विचित्र होती की त्या पियानो वाजवायच्या थांबल्या. मुलंही थांबली.

"कोण गात होतं?"

"सगळेच बाई."

"ते नव्हे. वर. पातळ, लांब आवाज होता."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या कडव्यात तो आवाज परत आला. काचेच्या भांड्याच्या कडेवरून ओलं बोट फिरवावं तसा सुरू झाला आणि हळूच सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन टेकला. बाई रांगांमधून फिरल्या. एकेकाच्या तोंडाशी कान नेला. पहिल्या रांगेत वाटलं, दुसऱ्या रांगेतून येतोय. दुसरीत वाटलं, मागून. मागच्या रांगेत ओठकरी तोंडं उघडून उभे होते आणि त्यांच्या तोंडातून काही म्हणजे काही येत नव्हतं. भोंगाच्या तोंडातून फक्त दुपारच्या डब्याचा वास आला.

मग बाईंनी प्रत्येकाला एकट्यानं गायला लावलं. तो आवाज कुणाचाच नव्हता. उलट ज्यांचे आवाज त्या बरे समजत होत्या त्यांच्याविषयीही त्यांचा भ्रमनिरास झाला.

विज्ञानाच्या सरांना त्यांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. सर कशालाही घाबरत नसत, कारण त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचं कारण असे. त्यांनी डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं.

"छान आवाज आहे. कुणाचा?"

"तेच विचारायला बोलावलंय सर."

सरांनी फोनवर ध्वनिमुद्रण केलं. ऐकताना त्यात पियानो होता, पुढच्या रांगेचा बेसूर होता, सरांचं खोकणं होतं, मधेच त्यांच्या पोटातली गुरगुरसुद्धा स्पष्ट होती. तो आवाज तेवढा नव्हता.

"फोन साधा आहे माझा," सर म्हणाले.

मग त्यांना प्रयोग सुचला. आधी ओठकऱ्यांना बाहेर पाठवलं. उरलेली मुलं गायली. आवाज आला नाही. मग गाणाऱ्यांना बाहेर पाठवलं आणि ओठकऱ्यांना आत घेतलं. बाईंनी पियानोवर पहिला सूर दिला आणि हात मांडीवर ठेवले.

ओठकऱ्यांनी श्वास घेतला. भुवया चढवल्या. तोंडं उघडली.

खोलीत वाहनतळावरच्या गाडीचा आवाज तेवढा येत होता. मग तोही थांबला.

आणि रिकाम्या पुढच्या दोन रांगांवरून तो आवाज आला. एकटा. शब्द अगदी स्वच्छ होते.

फोन खिशात टाकत सर म्हणाले, "वारा असेल."

"खिडक्या बंद आहेत."

"म्हणूनच," सर म्हणाले आणि त्यांना एकाएकी तास असल्याचं आठवलं. त्यानंतर ते संगीताच्या खोलीवरून जाणं टाळून खालच्या जिन्यानं जाऊ लागले. व्यायाम होतो, असं त्यांनी कारण दिलं.

बाई घाबरल्या का? थोड्या घाबरल्या. पण ज्या माणसानं वर्षानुवर्षं बेसूर ऐकून दिवस काढले, त्याला सुरात असलेल्या गोष्टीची भीती किती वाटणार? शिवाय टेबलावर भूगोल होता. त्यांनी मनाशी ठरवलं, की जे आहे ते सुरात आहे, वेळेवर येतं, आणि पालकसभेला त्याचं कुणी येत नाही. अशी विद्यार्थिनी कुणाला नको असते?

निवडीसाठी वाद्यवृंदाचे संचालक आले. उंच, वाकलेला माणूस. मुलं गाऊ लागली तेव्हा ते नम्रपणे छताकडे बघत होते. दुसऱ्या कडव्याला त्यांनी मान खाली आणली.

"तुमची निवड झाली," गाणं संपल्यावर ते म्हणाले. मॅडमनी बाईंचा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. "फक्त एक करा. त्या मुलीला मागं लपवू नका. पुढं, एकटी उभी करा. मधल्या ओळी तिलाच देऊ. त्या वेळी वाद्यं थांबतील, बाकीची मुलंही थांबतील."

"कोणत्या मुलीला?" मॅडमनी विचारलं.

"ते बाईंना माहीत असेलच."

सगळे बाईंकडे बघू लागले. बाईंनी खोलीवरून नजर फिरवली. आता खरं सांगायचं, म्हणजे निवड गेली, खोली गेली, आणि उरलेलं आयुष्य नद्यांची खोरी शिकवण्यात गेलं. मागच्या रांगेत भोंगा शांतपणे उभी होती. तिचं तोंड अजून 'आ' मध्ये होतं; बाईंनी थांब म्हटलं नव्हतं.

"हिला," बाई म्हणाल्या.

पुढच्या रांगेतला एक मुलगा खाली बसला. त्याला पाणी दिलं.

नंतर बाईंनी भोंगाला एकटीला थांबवून घेतलं. "हे बघ, तू काही करायचं नाहीस. नेहमीसारखे ओठ हलवायचे. जीव गेला तरी आवाज काढायचा नाही. कळलं?"

"हो बाई."

"आणि समजा," बाई जरा थांबल्या, "समजा, काहीच ऐकू आलं नाही, तर रडायचं नाही. मी बघेन काय ते."

"येईल बाई," भोंगा म्हणाली आणि दप्तर उचलून गेली. ती इतक्या सहज गेली की बाईंना तिला परत बोलावून काहीतरी विचारावंसं वाटलं. पण काय विचारायचं, ते सुचेना.

सभागृह मोठं होतं. दुपारचा कार्यक्रम असूनही आत संध्याकाळ होती. लाल खुर्च्यांत पालक बसले होते आणि प्रत्येक जण आपल्याच मुलाचा फोटो काढत होता. पहिल्या रांगेत मॅडम, त्यांच्या शेजारी भोंगाची आई. मुलीला एकटीला गायला दिलंय हे कळल्यापासून ती कुणाशीच बोलली नव्हती. तिनं कापूस आणला होता, पण तो लेकीचा अपमान होईल म्हणून मुठीत धरून बसली होती.

गाणं सुरू झालं. वाद्यवृंदाच्या भरात मुलांचं बरंचसं झाकलं गेलं, हे बरंच झालं. मग मधल्या ओळी आल्या.

संचालकांनी हात वर केला. व्हायोलिनं थांबली. मुलं थांबली.

भोंगानं श्वास घेतला. भुवया चढवल्या. तोंड उघडलं.

काही नाही.

कुणीतरी खुर्चीत हललं. विंगेत उभ्या असलेल्या बाईंच्या डोळ्यांपुढून सगळी वाळवंटं एकापाठोपाठ एक गेली.

मग तो आवाज आला.

सभागृहाच्या छतापासून सुरू झाला आणि सावकाश खाली उतरला. फोटो काढणारे हात आपोआप खाली आले. भोंगाच्या आईच्या मुठीतला कापूस पडला. आवाज एकेक ओळ चढत शेवटच्या, सगळ्यात वरच्या सुरावर गेला आणि तिथं थांबला.

तेवढ्यात भोंगाला शिंक आली.

मोठी, खरी, तिच्या नावाला शोभेल अशी शिंक. मग दुसरी. तिनं तोंड मिटलं, बाहीला नाक पुसलं, जरा इकडेतिकडे बघितलं.

सूर तसाच होता.

हलला नाही, तुटला नाही. भोंगानं सावकाश तोंड परत उघडलं, भुवया चढवल्या, आणि जिथं आवाज पोचला होता तिथून पुढं ओठ हलवायला लागली.

गाणं संपलं. आणि मग लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. मॅडम रडल्या. भोंगाची आई शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर रडली. विज्ञानाचे सर मागच्या दारातून निघून गेले ते थेट घरी.

संचालक विंगेत आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. "शिंकतानासुद्धा सूर हलला नाही," ते बाईंना म्हणाले. "एवढा दमसास मी आयुष्यात पाहिला नाही. कसं शिकवलंत?"

"सराव," बाई म्हणाल्या. आणखी काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी भूगोलाची पुस्तकं टेबलावरून नाहीशी झाली. संगणकांना वाचनालयात जागा निघाली, आणि संगीताच्या खोलीच्या दारावर मॅडमनी नवी पाटी लावली. बाईंना आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण टाळ्यांच्या वेळी भोंगा ज्या तऱ्हेनं मान झुकवून उभी होती, ते त्यांच्या डोळ्यांपुढून जाईना. टाळ्या आपल्या नाहीत हे माहीत असलेलं माणूस कसं उभं राहतं, तशी.

मधल्या सुट्टीत त्यांनी तिला बोलावलं. खोलीत दोघीच होत्या. चटयांचा वास होता, खिडकीतून ऊन आलं होतं.

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. "तुला मी कधी गाऊ दिलं नाही. उद्यापासून तू खरंच गायचं. मोठ्यानं. सूर लागो न लागो, ते मी बघून घेईन."

भोंगा अवघडून उभी राहिली.

"नको बाई."

"का गं? लाजू नको."

"तसं नाही. मी गायले की ती गप्प बसते. मग दिवसभर गातच नाही."

बाईंनी पियानोचं झाकण हळूच खाली घेतलं. "कोण?"

भोंगानं बाईंकडे पाहिलं. मोठी माणसं असे प्रश्न का विचारतात, हे तिला कळेनासं झालेलं दिसलं. मागच्या रांगेत सगळ्यांनाच माहीत होतं.

"आणि बाई," ती आवाज शक्य तेवढा खाली आणून म्हणाली, "तिनं विचारायला सांगितलंय, पुढच्या वेळी पट्टी जरा खाली घ्याल का? वरचा सूर धरताना तिला आता दम लागतो."