उजवा दिवा

ती बल्बची डबी जरा इकडे दे. बघू. निळसर काच, आणि वर काय लिहिलंय, चांदण्यासारखा प्रकाश. पुतण्या, तुला रात्रभर गाडी हाकायचीय की चांदण्यात फिरायचंय? बस खाली. तुझ्या या दोन मित्रांनाही बसव. असे उभ्याउभ्या माझ्याकडे बघू नका रे, मी काही तिकीट फाडत नाही. जन्मभर कंपनीची बस चालवली मी, बल्बातलं थोडंफार मलाही कळतं. तुझी काकू आत भांडी आवरतेय, तोवर सांगून टाकतो. तिला ही गोष्ट आवडत नाही.

पेंटर माहीत आहे ना? दुकानांच्या पाट्या रंगवायचा तो, माझा शाळेपासूनचा दोस्त. हे त्याच्या बाबतीत झालं. गेल्या वर्षी, डिसेंबरातला दुसरा शनिवार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः तिथे हजर होतो, म्हणून सांगतो. नाहीतर मीही हसण्यावारी नेलं असतं.

पेंटरला रात्रीचं दिसेनासं झालं होतं. दिवसा ठणठणीत, केसाएवढी रेघ मारेल. अंधार पडला की संपलं. हे फक्त दोघांना ठाऊक होतं, त्याला आणि त्याच्या बायकोला. वहिनी मोठी धोरणी बाई. रात्री गाडीत शेजारी बसायची आणि मागे बसलेल्या मुलीला कळणार नाही अशा बेताने त्याला रस्ता सांगायची. "अहो, थोडं डावीकडे घ्या. अजून थोडं." ऐकणाऱ्याला वाटावं, बाईला मध्ये मध्ये बोलायची खोड आहे. मीसुद्धा यावरून तिची टर उडवायचो. ती नुसती हसायची. नवऱ्याचं गुपित काही तिने फोडलं नाही. त्या वर्षी उन्हाळ्यात ती गेली आणि शेजारची सीट रिकामी झाली.

त्याची मुलगी आणि नातू राहतात आमच्या गावात, म्हणजे मी तेव्हा जिथे राहायचो तिथे, तलावापलीकडे. मुलगी तिथल्या इस्पितळात कामाला. तिने एकदा बापाला तिन्हीसांजेला अंगणातल्या बादलीवर आपटताना पाहिलं आणि रोखठोक सांगितलं, "बाबा, तुला रात्री दिसत नसेल तर आपण गाडी विकून टाकू." आता गाडी गेली म्हणजे नातू गेला. तिकडे यायला धड बस नाही. वहिनीनंतर त्या माणसाला तेवढंच उरलं होतं, दर आठवड्याला यायचं आणि त्या पोराला खांद्यावर घेऊन गावभर मिरवायचं. त्यामुळे तो गप्प बसला. चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणाला.

त्या शनिवारी मुलगी आणि नातू त्याच्याकडे आले होते. गाडीचा उजवा दिवा उडालेला. दुपारी हा दुकानात गेला आणि म्हणाला, सगळ्यात पांढरा, सगळ्यात भगभगीत बल्ब दे. बिचाऱ्याला वाटलं, उजेड वाढवला की डोळे सुधारतील. दुकानदाराने सांगून पाहिलं. म्हणाला, "पेंटर, हा दुकानात झकास दिसतो, पण तलावावर धुकं असलं ना, की समोर नुसती पांढरी भिंत. साधा पिवळा घ्या." हा कसला ऐकतोय. मग दुकानदार म्हणाला, "निदान जोडीने बदला. आणि काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलं आणि बल्ब तापला, की तिथेच तडकतो." तेवढंच यांनी मान डोलावून ऐकलं, आणि तेवढंच विसरले.

बल्ब बदलायला बसला तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. तेवढ्यात मुलीला फोन आला. सकाळची पाळी बदलली, पहाटे हजर हवी. ती कावरीबावरी झाली. हा म्हणाला, "त्यात काय, मी सोडतो की." सोडत नाही म्हणाला असता तर का, ते सांगावं लागलं असतं. घाईघाईने चाचपत दोन्ही बल्ब बसवले, डावीकडचा जुना घरात ठेवला, उजवीकडचा उडालेला डबीत घालून गाडीच्या खणात टाकला, दिवे लावून समोरच्या भिंतीकडे बघितलं. भिंतीवर लख्ख पांढरं दिसलं. झालं, म्हणाला. निघाले.

गाव सुटेपर्यंत ठीक होतं. मागच्या सीटवर पोर आईच्या मांडीवर झोपलं. थोड्या वेळाने आईचाही डोळा लागला. शेजारची सीट रिकामी.

तलावाच्या बांधावर गाडी चढली आणि धुकं लागलं.

तो रस्ता तुम्ही पाहिलाय. डाव्या हाताला पाणी, कठडा मध्ये मध्ये पडलेला. उजव्या हाताला खोल उतार. मागे वळवायला जागा नाही. थांबावं, तर मागून एखादा ट्रक येऊन घुसायचा. दुकानदार म्हणाला होता तसंच झालं. समोर पांढरी भिंत. पेंटर स्टिअरिंगला छाती टेकवून बसला. मला म्हणाला, मुलीला उठवायची हिंमत होईना. उठवून सांगणार काय? तुझा बाप आंधळा आहे, आणि तू पोराला घेऊन त्याच्या गाडीत बसली आहेस?

मग टिक् असा आवाज झाला. डावा दिवा गेला.

पांढरी भिंत नाहीशी झाली. आता नुसता उजवा जळत होता, आणि त्याचा उजेड... पिवळा. मऊ, जुन्या दिव्यासारखा पिवळा. पेंटरला कळेना. आपण तर दोन्ही पांढरे बसवले. पण त्या पिवळ्यात त्याला रस्त्याच्या मधली रेघ दिसायला लागली. आयुष्यभर रेघा मारलेला माणूस. रेघ धरून चालला.

लांबून एक दिवा येताना दिसला. एकच. मोटरसायकल असेल म्हणून याने गाडी होती तिथेच ठेवली. मोटरसायकलला कितीशी जागा लागते?

"अहो, थोडं डावीकडे घ्या."

शेजारून.

त्याने मान वळवली नाही. वळवता येईना, म्हणाला. आरशात मुलगी झोपलेली. पोर झोपलेलं.

डावीकडे पाणी होतं.

"अजून थोडं."

आवाज तोच. घाई नाही, राग नाही. स्वयंपाकघरातून बोलावं तसा. पण मेलेल्या माणसाचा आवाज तुम्हाला पाण्याकडे बोलावतोय... काय कराल? त्याच्या मनात आलं, ही एकटी पडलीय. ही आपल्याला न्यायला आलीय. आपलं ठीक आहे. पण मागे लेक आहे. पोर आहे...

दिवा जवळ येत होता.

"अहो."

एवढंच. मग काही नाही.

पेंटरने स्टिअरिंग घट्ट धरलं. मला म्हणाला, त्या बाईने मला कधी खड्ड्यात घातलं नाही रे. एवढाच विचार केला. आणि घेतली डावीकडे. चाकाखाली खडी वाजली. अजून घेतली. खाली पाण्याचा आवाज.

तेवढ्यात जोरात हॉर्न वाजला. तो दिवा उजवीकडून निघून गेला, आणि त्याच्या मागून, याच्या खिडकीला जवळजवळ घासून, काळं धूड. ट्रक. ट्रकचा एकच दिवा चालू होता, पलीकडचा. अलीकडची सगळी बाजू अंधारात. हा होता तिथे राहिला असता तर ट्रक सरळ अंगावर. ट्रकवाल्यानेही शेवटच्या क्षणी गाडी पलीकडे ओढली होती. याचा पिवळा दिवा दिसला म्हणून ओढली.

मुलगी दचकून उठली. "काय झालं, बाबा?"

"काही नाही. झोप तू."

पुढे सगळा बांध तो त्या एका दिव्यावर आला. शेजारून पुन्हा आवाज नाही. मुलीच्या दारात गाडी लावली, दिवे बंद केले, किल्ली काढली, आणि तसाच सीटवर बसून राहिला. मुलगी म्हणाली, आत चल. तर म्हणाला, येतो.

सकाळी मला फोन आला. "ये." एवढंच. मी गेलो तर हा ओट्यावर बसलेला, डोळे लाल. मुलगी कामावर गेली होती, पण जायच्या आधी याने तिला सगळं सांगितलं होतं. डोळ्यांचं, वहिनीचं, सगळं. गाडीची किल्लीही तिच्या हातात दिली. ती आधी चिडली म्हणे, मग रडली. आता ती गाडी शिकलीय, दर रविवारी पोराला घेऊन तीच येते. असो.

मला म्हणाला, "दिवे बघ जरा." मी बॉनेट उघडलं. डावा बल्ब काढला. काच तडकलेली, आणि त्यावर अंगठ्याचा काळा ठसा. पेंटरचाच. म्हटलं, बरोबर, दुकानदार बोलला तसंच झालं. मग खणातली डबी काढली. तिच्यातला बल्ब हातात घेऊन बघतो तर निळसर काच, कोरा करकरीत. नवा बल्ब डबीतच होता.

मी पेंटरकडे बघितलं. त्याने माझ्याकडे. अंधारात चाचपताना गफलत झाली होती. नवा डबीत घातला, आणि उडालेला जुनाच उजवीकडे परत बसवला.

मी म्हटलं, "मग रात्री जळत काय होतं?"

त्याने उजव्या दिव्याकडे बोट दाखवलं.

मी उजवीकडची रबराची टोपी काढली. क्लिप सोडली. बल्बला बोट लावलं आणि पटकन हात मागे घेतला. मग रुमालाने धरून काढला. साधी पिवळी काच. आतली तार तुटलेली. हलवला तर आत किणकिण वाजली. अशी तार जळत नाही, कुठल्याही इलेक्ट्रिशियनला विचारा. आणि गाडी रात्रभर बंद होती. थंडीने गाडीच्या काचेवर दव साठलेलं.

बल्ब तापलेला होता.

पेंटर म्हणाला, हा मी घरात ठेवू शकत नाही, मला झोप लागणार नाही. टाकूनही देववत नाही. म्हणून मी आणला. त्या फळीवर सुतळीचा डबा आहे बघ, त्याच्यामागे रुमालात बांधलाय. आण. तू आण, तुलाच आज रात्री निघायचंय ना?

सोड गाठ. घे हातात. हलव. ऐकू आली तार? ...

का रे?

हसत होतास ना मघाशी? ... या हातातून त्या हातात कशाला करतोयस?