आईंच्या वाटेवरचे दिवे

त्या उन्हाळ्यात भारनियमनानं नाशिक रोडच्या लोकांना जीव नकोसा केला होता. नेमकी दिवेलागणीला वीज जायची, ती पोरंबाळं जेवून पेंगायला लागली की यायची. आता स्वतःच्या घरात माणूस चाचपडत का होईना, चालतं. पण सगुणाबाईंची गोष्ट वेगळी होती. त्यांचा मुलगा शेखर प्रेसमध्ये नोकरीला. जेलरोडला त्याचं बैठं घर, मागे हातभर बाग. सायखेड्याच्या शेतात जन्म गेलेल्या या बाईचा सगळा जीव त्या बागेत. झाडांना पाणी घालायचं तर ऊन उतरल्यावरच, हा त्यांचा नेम. डोळ्यांत मोतीबिंदू, बाहेर मिट्ट काळोख, आणि ह्या आपल्या नळाशी वाकलेल्या. एकदा पायरीवरून घसरून मनगट सुजलं, तेव्हा सून पल्लवीनं हट्टच धरला. दिवे आणायचे, आणि तेही विजेवर न चालणारे.

रविवारी सगळी वरात दुकानात गेली. शेखर, पल्लवी, सगुणाबाई आणि त्यांच्या पदराला धरून वेदिका. ही वेदिका म्हणजे शेखर-पल्लवीची एकुलती एक. अजून शाळेत घालायची होती, आणि आजीची शेपूट. दुकानदारानं काचेवर दिवे मांडले. शेखरला उन्हावर चालणारा आवडला, पण बागेवर शेजारच्या आंब्याची सावली, मग तो भरणार कसा? वायरचा नको, नळापाशी कायम ओल. राहिला सेलवरचा. समोरून कुणी गेलं की आपोआप लागणारा, आणि माणूस गेलं की थोड्या वेळानं विझणारा.

"मांजर गेलं तरी लागेल का हो?" पल्लवीनं विचारलं.

"छातीएवढ्या उंचीवर लावा, ताई, मग नाही लागायचा. याला अंगाची ऊब लागते आणि हालचाल लागते. गॅसपासून लांब ठेवा, उन्हाच्या तोंडी लावू नका. उजेड पांढरा देऊ की पिवळा?"

"पिवळा दे बाबा," सगुणाबाई म्हणाल्या. "पांढरा लय टोचतो डोळ्याला."

मग त्या स्वतः दिव्यासमोरून चालून गेल्या. टक् असा बारीक आवाज झाला आणि दिवा लागला. म्हातारी पदर तोंडाला लावून हसली. "घ्या, आता मला चोरून कुठं जायची सोय नाय," म्हणाली.

एक दिवा नळाजवळ मोगऱ्याच्या वर लावला, एक मागच्या दाराशी, आणि एक आतल्या पॅसेजमध्ये. पॅसेजच्या एका अंगाला स्वयंपाकघर आणि दुसऱ्या टोकाला सगुणाबाईंची खोली. वेदिका झोपायची त्यांच्याच कुशीत. पल्लवीला वाटे, पोरगी आता शाळेत जाईल, तिला वेगळं झोपायची सवय हवी. एकदा तिनं तसं बोलूनही पाहिलं. सगुणाबाईंनी मशेरीचं बोट दातावरून न काढताच उत्तर दिलं, "ती माझ्यापाशीच झोपल. मला एकटीला झोप नाय येत." विषय तिथेच संपला.

आणि मग एका सकाळी सगुणाबाई उठल्याच नाहीत. वेदिका त्यांच्या हाताखालून निघून आली आणि आईला म्हणाली, आजी गार झालीय.

दहावं सायखेड्याला, गोदावरीच्या काठावर झालं. भात-पिंड मांडून सगळे मागे सरले. झाडावर कावळे होते, पण एकही खाली उतरेना. पल्लवी बायकांत उभी होती. ऊन चढत चाललं, लोक कुजबुजायला लागले. सगुणाबाईंचे भाऊ कोंडाजीमामा पुढे आले.

"शेखर, बहिणीचं काहीतरी राहिलंय माझ्या. शब्द दे तिला."

शेखरनं हात जोडले. बाग वाळू देणार नाही म्हणाला. कावळा हलला नाही. ज्योत्स्नाचं, म्हणजे त्याच्या बहिणीचं माहेर तुटू देणार नाही म्हणाला. तरी नाही. बिचारा दहा दिवसांच्या जागरणानं पार पिचून गेला होता. तापलेल्या वाळूत पाय भाजत होते, लोक बघत होते. शेवटी तो जवळजवळ वैतागून म्हणाला, "आई, वेदिका तुझीच आहे. तुझ्यापासून तिला तोडणार नाही. झालं?"

शब्द तोंडातून निघतो न निघतो तोच कावळा उतरला. घाटावर सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पल्लवीनं मात्र नाही. परत येताना जीपमध्ये तिनं शेखरला विचारलंच, हे काय बोललात तुम्ही. "अगं, बोलायची पद्धत असते," तो म्हणाला, आणि खिडकीला डोकं टेकून झोपून गेला.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि शेखरची दुसरी पाळी सुरू झाली. संध्याकाळी घरात मायलेकीच. वीज गेली, पल्लवी मेणबत्तीच्या उजेडात खिचडीला फोडणी देत होती. वारा अजिबात नव्हता. ओल्या मातीचा वास आला. तिला नवल वाटलं, कारण बागेला पाणी तिनं सकाळीच घातलं होतं.

टक्.

खिडकीतून तिनं पाहिलं. नळाजवळचा दिवा लागला होता. त्या पिवळ्या उजेडात मोगरा, बादली, पायरी, सगळं जागच्या जागी. माणूस नव्हतं. मांजर असेल, ती स्वतःशी म्हणाली. मग तो विझला, आणि मागच्या दाराशी लागला. दाराला तर आतून कडी होती... मग पॅसेजमधला लागला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उजेडाची पट्टी पडली, आणि त्या पट्टीबरोबर भाजक्या मशेरीचा वास आत आला. पल्लवी हातात झारा धरून तशीच उभी राहिली. पलीकडच्या खोलीत वेदिका कुणाशीतरी हळूहळू बोलत होती.

शेखरनं हे ऐकून घेतलं. दिवे पुसले, सेल बदलले, जरा वर सरकवून बसवले. पाल असेल म्हणाला, गरम वाऱ्याची झुळूक असेल म्हणाला. त्यानं काही फरक पडला नाही. रोज वीज गेली की नळ, दार, पॅसेज, त्याच क्रमानं दिवे लागायचे.

"काढूनच टाकू का?" तो कंटाळून म्हणाला.

"नको," पल्लवी म्हणाली. "दिवे काढले म्हणून येणं थोडंच थांबणार आहे. आत्ता निदान कळतं तरी."

पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही.

वेदिका मात्र दिवसेंदिवस सुकत चालली. ताटातलं चिवडून ठेवायची, अंगणात खेळायला जायची नाही, हाक मारली तर उशिरानं मान वळवायची. डॉक्टर म्हणाले, आजीचा लळा होता, पोरीनं मनाला लावून घेतलंय. पल्लवीनं तिला आपल्या खोलीत झोपवलं, तरी डोळा लागला की पोरगी उठून आजीच्या पलंगावर जायची. एका संध्याकाळी ती अंधाऱ्या पॅसेजमधून स्वयंपाकघराकडे चालत आली आणि एरवी तिच्यासाठीही लागणारा दिवा लागलाच नाही. पल्लवीनं लेकीला परत पाठवलं, पुन्हा बोलावलं, दिव्यासमोर उभं राहून हात उंच करायला लावले. दिवा ढिम्म. मग पल्लवीनं स्वतः पाऊल टाकलं, तर लगेच टक्.

"तुझ्यासाठी का नाही गं लागत, सोन्या?"

"आजी म्हणते, आता नको आपल्याला दिवा," वेदिका म्हणाली. "तिकडं दिसतं सगळं."

दुसऱ्या दिवशी पल्लवीनं पिशवी भरली. शेखर आला की मालेगावला माहेरी जायचं, आजच जायचं, असं ठरवून ती बसली. संध्याकाळी वीज गेली. तिनं वेदिकाला मांडीवर घेतलं होतं. पोरीला झोप लागली म्हणून तिला पलंगावर ठेवलं आणि पाणी प्यायला म्हणून क्षणभर स्वयंपाकघरात गेली.

टक्. पॅसेज.

मग मागचं दार. मग नळ... आजवर दिवे बाहेरून आत यायचे. आज ते बाहेर चालले होते.

ती धावली. पलंग रिकामा. मागचं दार सताड उघडं, कडी लोंबकळतेय. ती बागेत पोचली तेव्हा नळाजवळचा दिवा विझत होता. त्या सरत्या उजेडात तिला वेदिका दिसली. पाठमोरी, अनवाणी, एक हात वर केलेला. लहान मूल मोठ्या माणसाचं बोट धरून चालताना करतं, तसा. मग अंधार झाला. मोगऱ्याचा वास इतका दाटला होता की श्वास घेववेना.

पल्लवीनं हाका मारल्या नाहीत. ओल्या मातीत गुडघे टेकले आणि हात जोडले.

"आई... सोडा तिला. अजून काहीच बघितलं नाही हो तिनं. तुम्हाला एकटीला झोप येत नाही, माहीत आहे मला. ते भलतंच बोलून बसले... तो शब्द मोडा. त्याच्या बदली माझा घ्या. मी येते सोबतीला. कधीही बोलवा, नाही म्हणणार नाही... पण हिला राहू द्या."

काहीच झालं नाही. नळातून पाण्याचा एक थेंब बादलीत पडला. मग जवळच, अगदी कानाशी, कुणीतरी म्हातारं माणूस दमून सोडतं तसा श्वास सोडला. मशेरीचा वास तिच्या चेहऱ्यावरून गेला. वेदिकाचा वर केलेला हात खाली पडला, ती घाबरून वळली, आणि टक् करून तिच्या डोक्यावरचा दिवा लागला. "आई, मी इथं कशी आले?" म्हणत पोरगी रडायला लागली. पल्लवीनं तिला छातीशी धरलं आणि तीही रडली. कितीतरी दिवसांनी पोरीचं अंग गरम लागत होतं.

मालेगावला जायची गरजच उरली नाही. वेदिका जेवायला लागली, शेजारच्या पोरींशी भांडायला लागली, पॅसेजमधून मुद्दाम धावत जाऊन दिवा लावायला लागली. शेखरच्या जीवात जीव आला. "बघ, डॉक्टर म्हणाले तसंच निघालं," तो म्हणाला. पल्लवी हो म्हणाली. तिनं हल्ली कमरेला टॉर्च खोचून ठेवायला सुरुवात केली होती. शेखरनं कारण विचारलं, तर म्हणाली, असू द्या, अंधारात बरी पडते. पॅसेजमधून ती रोज जायची, यायची. तिच्यासाठी दिवा लागायचा नाही.

जून उजाडला, वेदिकाची शाळा सुरू झाली. त्या संध्याकाळी दप्तर उशाशी घेऊनच ती झोपली, आणि वीज गेली. पल्लवी ओटा पुसत होती. नळाजवळचा दिवा लागला. मग मागच्या दाराचा. मग पॅसेजमधला. उजेडाची पट्टी वेदिका झोपली होती त्या खोलीकडे वळली नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबली, आणि विझायची वेळ झाली तरी विझली नाही.

पल्लवीनं फडकं पिळून दांडीवर टाकलं, झोपलेल्या लेकीकडे एकदा पाहून घेतलं आणि पदराला हात पुसले.

"आले, आई," ती म्हणाली.