लाल थरापाशी

"अहो, त्याला हात नका लावू!"

राजनंदिनी ओरडली आणि तिचाच आवाज घळीच्या दोन्ही भिंतींवर आपटून परत आला. पिंपळगाव रेणुकाईच्या मागची कोरडी घळ, चैत्रातलं ऊन, पायाखाली तापलेली वाळू. भूशास्त्राच्या प्रबंधासाठी ती दुर्गाआत्याकडे मुक्कामाला आली होती. इथं कुणी भेटेल असं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दगडाच्या पोकळीत पांढरेशुभ्र स्फटिक चमकत होते, आणि पाठीवर सॅक लावलेला एक तरुण त्यांच्यावर बोट ठेवून उभा होता.

"लावून झाला की," तो म्हणाला. "आता दंड काय?"

"तोडू नका म्हणजे झालं. लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या जागी वाढलेत ते. किती युगं लागली असतील!"

"आमच्याकडं काही तासांत होतात." तो हसला. "गोरक्षनाथ. अंकुशनगरला साखर कारखान्यात केमिस्ट हाय. उसाचं गाळप संपलं, मंग निघालो भटकायला."

वाट एकच होती म्हणून दोघं बरोबर निघाले... निदान तिनं स्वतःला तसं समजावलं.

पुढे काळ्या कातळाच्या मधोमध लाल मातीचा पट्टा दिसला. ती थांबली. "हा बघा. आधी एक लाव्हा आला, निवला. मग खूप काळ शांतता. वर माती झाली. मग दुसरा आला आणि त्यानं ती माती भाजून लाल केली."

"म्हंजे पयल्याला खबरच न्हाई?"

"कसली?"

"कुनीतरी येऊन राह्यलंय म्हून."

ती उगाच कातळाकडे बघत राहिली. कान मात्र तापले — उन्हानं असतील.

घळ संपताना कोरडा धबधबा आला. ती खोबणीत पाय रोवत सरसर उतरली. तो वरच थिजला.

"खाली नका बघू. माझ्याकडं बघा!"

"तेच तर करून राह्यलो मघापासून!"

ती इतकी हसली की शेवटच्या टप्प्यावर त्याला हात द्यायला विसरलीच. मग दिला. खाली पोचल्यावर तो हात सोडायचं दोघांनाही सुचलं नाही.

उन्हाळाभर ते त्या डोंगरांत हिंडले. भाकरी, ठेचा, पाण्याची कॅन, आणि न संपणाऱ्या गप्पा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. मग एके दिवशी पठारावर चढून आल्यावर तिनं मनातलं सांगून टाकलं.

"कच्छला निवड झाली माझी. वाळवंटातल्या दऱ्यांचा अभ्यास. दोन वर्षं."

त्यानं पाठीवरची सॅक खाली ठेवली.

"जा," तो म्हणाला.

"जा? एवढंच?" तिचे डोळे भरून आले.

"बिलकुल जा. न्हाई गेलीस तर मीच भांडीन तुझ्याशी. गाळप संपलं की मी तिकडं येईन, हंगामात तू रजा काढून इकडं ये. पर... लगीन करून जा, नंदे. माझ्याशी."

तिनं डोळे पुसले. उत्तर न देता मोबाइल काढला आणि अंतरवाली सराटीला वडिलांना फोन लावला.

"आबा, मी एक माणूस पसंत केलाय."

तिनं फोन स्पीकरवर टाकला. गोरक्षनाथ जवळ सरकला.

"कुठं हाय तो?"

"इथंच. माझ्यासमोर."

"मंग एवढ्या उन्हात कशाला उभा केलास त्याला?" आबा म्हणाले. "घरी घेऊन ये. जल्दी."