डाव्या बाजूची मॅट

या, आत या. दार लावून घ्या, नाहीतर धुकं घरात शिरतं. लाइट गेलीय, या दिव्यावरच भागवू. विनया तिळगूळ आणतेय. मी फोन असा समोर ठेवून बसलोय, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आमचा हर्षवर्धन दुपारी सोलनला निघालाय, त्याच्या फोनची वाट बघतोय.

त्याच्या गाडीचं काय झालं, असं तुम्ही परवा विचारत होता. सांगतो. बसल्या बसल्या माझाही वेळ जाईल.

मी मूळचा साताऱ्याचा. हवाई दलात आयुष्यभर इंजिनं उघडली आणि रिटायर झाल्यावर इथेच उत्तरेत, सेक्टर त्रेचाळीसमध्ये राहिलो, बसस्टँडचे भोंगे ऐकत. देवावर माझा विश्वास जेमतेम, भुतांवर अजिबात नाही. गेज दाखवतो ते खरं, बाकी सगळ्या गप्पा.

पोराला मात्र वेगाचं वेड. जुन्या गाडीत त्यानं एका ठोकलेल्या गाडीचं सुपरचार्जरवालं इंजिन बसवून घेतलं. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. पाय लावला की गाडी सुटायला हवी. ही काही सुटेना.

"बाबा, उठ ही नहीं रही यार," हर्ष म्हणाला. मराठी त्याला सगळी कळते, पण तोंडातून हिंदीच येते. "ट्रक भी ओव्हरटेक नहीं होता."

विनयाचा जीव त्या एकुलत्या पोरात अडकलेला. तो सोलनच्या कॉलेजात शिकवतो, म्हणजे दर आठवड्याला घाट आलाच. "अर्ध्या ओव्हरटेकमध्ये गाडीनं दम सोडला तर?" ती मला म्हणाली. "एक तर नीट करून द्या, नाहीतर किल्ली काढून घ्या त्याच्याकडून."

मग मी कामाला लागलो. पंख्याचा पट्टा घसरतोय का पाहिलं, नव्हता घसरत. नळ्यांमधून हवा गळत नव्हती. पेट्रोलचा दाब बरोबर, क्लचही ठणठणीत. शेवटी लॅपटॉप जोडला आणि हर्षला चालवायला बसवलं. आमच्या युनिटमध्ये रीतच होती, ज्यानं मशीनला हात लावला त्यानं पहिल्या फेरीला सोबत जायचं. आपल्या कामावर आपला जीव लावायचा. म्हणून मी डाव्या सीटवर बसलो, लॅपटॉप मांडीवर घेऊन.

खरड गावाच्या रस्त्याला सकाळचं दाट धुकं होतं. हर्षनं पाय दाबला, सुपरचार्जरनं शीळ घातली आणि लगेच गाडी मरगळली. स्क्रीनवर लिहून आलं होतं, ब्रेक दाबलेला आहे. हल्लीच्या गाड्यांत ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबले तर कॉम्प्युटर ब्रेकचं ऐकतो आणि इंजिनाचा गळा आवळतो. चला, दुखणं सापडलं, असं मला वाटलं.

"ब्रेकवर पाय ठेवतोस का रे?"

"नहीं बाबा. आप खुद देखो."

मी वाकून पाहिलं. त्याचा पाय ब्रेकच्या आसपासही नव्हता.

घरी येऊन स्विच बदलला. मग वायर बदलली. तरी पुन्हा तेच. तेव्हा मी चिडलो आणि कॉम्प्युटरकडे जाणारी ती वायरच कापून काढली. आता ब्रेक दाबला काय, न दाबला काय, कॉम्प्युटरला कळायला वाटच नव्हती.

पुन्हा तोच रस्ता, पुन्हा तसंच धुकं. हर्षनं पाय दाबला.

आणि माझ्या तळव्यांखालची रबरी मॅट खाली गेली... माझ्या बुटांशेजारी कुणीतरी टाचा रोवून अंगाचा सगळा भार टाकावा, तशी. गाडीत वास आला, ओल्या लोकरीचा आणि मोहरीच्या तेलाचा. आमच्या घरात ते तेल कुणी लावत नाही. स्क्रीनवर लिहून आलं, ब्रेक दाबलेला आहे. गाडी मरगळली. हर्ष चडफडला, आणि तेवढ्यात समोर धुक्यातून उसाची ट्रॉली दिसली. भर रस्त्यात उभी, ना मागे लाल दिवा, ना जवळ माणूस. गाडी नीट पळाली असती तर आम्ही तिच्याखाली असतो.

"बच गए," हर्ष हळूच म्हणाला.

कापलेली वायर माझ्या खिशात होती.

ती जाड काळी मॅट इंजिनाबरोबरच आली होती, इंजिनाला गुंडाळून. हर्षची डावीकडची मॅट फाटलेली, म्हणून त्यानं ती तिथे घातली. मी सोलनच्या वाटेवरच्या पिंजौरला गेलो, ज्याच्याकडून इंजिन घेतलं त्या बलकार सिंग भंगारवाल्याकडे.

"किसकी गाड़ी थी, सरदारजी?"

त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "मां-बेटा थे जी. यहीं आगे, कालका रोड पे. कोहरे में खड़ी ट्रॉली..." त्याचा आवाज उतरला. "बेटा चला रहा था. बीबीजी बगल में. पैर ऐसे गड़े थे नीचे कि... ब्रेक तो उनके पास था नहीं ना जी."

खरं सांगू? मला भीती वाटली नाही. मला त्या बाईचे पाय धरावेसे वाटले. आमची विनयाही डावीकडे बसली की प्रत्येक वळणावर पाय दाबते, नसलेला ब्रेक. लग्न झाल्यापासून मी तिला त्यावरून चिडवत आलो. त्या दिवसापासून चिडवणं बंद केलं.

हर्षला सांगितलं, पार्ट मिळत नाही, चालव तशीच. विनयाला सांगितलं, गाडीची काळजी सोड. मॅटबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. विनयाला कळलं असतं तर तिनं त्या बाईसकट गाडी भंगारात दिली असती.

मघाशी हर्षचा फोन आला, पंचकुल्याहून. "बाबा, आज तो गाड़ी उड़ रही है! क्या किया आपने?"

मी काहीच केलं नव्हतं. हळू जा म्हणेपर्यंत फोन कटला. तेव्हापासून लावतोय, नुसती रिंग जाते. बलकार सिंगला सांगितलंय, दुकानासमोर रस्त्यावर उभा राहा आणि गाडी दिसली की अडव. त्याचाही फोन नाही अजून.

विनयाला विचारलं, गाडीला काही केलंस का, तर ती म्हणाली, "काल भोगी होती ना? सणाला घर धुतलं, मग पोराची गाडी नको धुवायला? मॅटा घासून दोरीवर टाकल्या. बाकीच्या वाळल्या, त्या लावून गेला. ती जाड काळी काही वाळली नाही."

जरा दिवा घेऊन खिडकीशी या. ती बघा दोरीवर. वारा नाहीये, शेजारची चादर हलतसुद्धा नाही. पण मॅटकडे बघा... मधे दोन खळगे पडतात ना? टाचांएवढे. पडतात, भरून येतात, पुन्हा पडतात. तासभर हेच बघतोय मी.

थांबा... दिवा असा वर धरा.

आता पडलेत ते भरून येत नाहीयेत.