डाव्या खांद्यामागे

औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला बारीक अक्षरांचा कागद सहसा कुणी वाचत नाही. तिचं पोटपाणी मात्र त्याच कागदांवर चालायचं. औषधाची माहिती लोकांना कळेल अशा सोप्या मराठीत आणायची आणि कंपनीला पाठवायची, हे काम ती घरात बसून करायची. नवरा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर. तो घरी नसला की घरात ती आणि तिचं टेबल.

कंपनीने नवा लॅपटॉप पाठवला तेव्हा ती हरखून गेली. काळा, जाडजूड, मोठ्या साहेबाच्या टेबलावर शोभावा असा. त्यात एक खास सोय होती. आपण काम करत असताना मागून दुसरं कुणी स्क्रीनमध्ये डोकावलं, तर कॅमेरा ते टिपायचा, कोपऱ्यात एक छोटा डोळा उमटायचा आणि अक्षरं धूसर व्हायची. विमानात, हॉटेलात बसून काम करणाऱ्यांसाठी ते ठीक होतं. तिच्या मागे होतं फक्त कपड्यांचं कपाट.

पहिल्याच आठवड्यात, भर सकाळी, डोळा उमटला.

तिने वळून पाहिलं. कपाट जागच्या जागी होतं. दार बंद.

धाकटा दीर एका ऑफिसात कॉम्प्युटरची देखभाल करायचा. तिने त्याला फोन लावला. "भावोजी, हा लॅपटॉप माझ्याच घरात चोर शोधतोय."

"बंद करून चालू करा, वहिनी. निम्मे आजार त्यानेच बरे होतात."

ते केलं. मग कॅमेऱ्याची काच पुसली. कपाटाच्या दारावर लटकणारा नवऱ्याचा कोट काढून आत ठेवला. यंत्राला तो माणूस वाटत असेल. डोळा येतच राहिला. दिराने ती सोयच बंद करायला लावली, तरीही आला. शेवटी रविवारी तो स्वतः आला, लॅपटॉपमधलं सगळं पुसून नव्याने घातलं आणि कॅमेऱ्यावर काळी चिकटपट्टी लावली. तासभर स्वतः बसून पाहिलं. काही नाही.

"झालं काम," म्हणत तो उठला. ती बसली, दोन परिच्छेद झाले असतील नसतील, आणि डोळा आला.

दिराने चिकटपट्टी काढून पाहिली, पुन्हा दाबून लावली. "डोळ्यावर पट्टी बांधली तरी याला दिसतंय म्हणजे..." वाक्य त्याने अर्धवटच सोडलं. मग घोटभर पाणी पिऊन म्हणाला, "परत पाठवा हा, वहिनी. दुसरा मागून घ्या. आणि दादाला यातलं काही सांगू नका, मला वेड्यात काढेल."

तिने पाठवलाही असता. पण तो गेल्यावर धूसर झालेली ओळ पुन्हा स्वच्छ होईपर्यंत ती तिच्याकडे बघत बसली, आणि बघता बघता मान जराशी डावीकडे वळली. तापाचं औषध होतं. मुळात लिहिलं होतं, १२ वर्षांखालील मुलांना देऊ नये. तिने लिहिलं होतं, २ वर्षांखालील. १२ मधला डावीकडचा १ तिला दिसलाच नव्हता.

ही चूक तशीच छापली गेली असती तर?

मग ती लक्ष ठेवू लागली. डोळा उगाच येत नव्हता. तो आला की त्या ओळीत चूक सापडायचीच, आणि प्रत्येक वेळी डाव्या टोकाला. परीक्षेत बाकाशेजारी येऊन थांबणाऱ्या बाईंसारखं कुणीतरी डाव्या खांद्यामागे उभं आहे, असं तिला वाटायचं. सुरुवातीला अंगावर काटा यायचा. पण भीतीलाही सवय लागते. चूक दुरुस्त करून ती हळूच म्हणायची, "आभारी आहे हं." लॅपटॉप परत पाठवायचं नाव तिने काढलं नाही.

चुका नेहमी डावीकडेच का, हे तिला कळत नव्हतं असं नाही. दाराच्या चौकटीवर आपटून डावा खांदा काळानिळा झाला होता. डाव्या हाताजवळचे कप लवंडत होते. ती चष्म्याला दोष देत राहिली. नजर गेलेल्या बाईला असलं काम कोण देणार?

मग एका दुपारी डोळा आला तो गेलाच नाही.

ओळीत चूक नव्हती. पानातही नव्हती. तिने लॅपटॉप बंद करून चालू केला. स्क्रीन धूसरच.

"बरं बाई, जाते," ती शेवटी म्हणाली आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.

तिथून मोठ्या हॉस्पिटलात. मेंदूच्या मागच्या भागात, उजवीकडे, वाटाण्याएवढी गाठ होती. वेळेत निघाली. टाके काढताना सर्जन म्हणाले, "बहुतेक लोक कुठेतरी गाडी ठोकल्यावर आमच्याकडे येतात. तुम्हाला कसं कळलं?"

"घरात कुणीतरी लक्ष ठेवून होतं माझ्यावर."

"मग मिस्टरांचे उपकार माना," सर्जन हसले. शेजारी बसलेला नवरा उगाचच लाजला.

ती घरी आली. मधल्या काळात कंपनीने लॅपटॉप नेऊन तपासला होता. दोष सापडला नाही, तरी कॅमेरा बदलून दिला होता. ती टेबलाशी बसली. डावीकडे खिडकीची कड दिसली, पडद्याची झालर दिसली, स्वतःचा डावा हात दिसला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

बराच वेळ काम केलं. डोळा आला नाही. तिला चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

"आता मला सगळं दिसतं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही."

कोपऱ्यात डोळा उमटला.

तिने ओळ दोनदा तपासली. चूक नव्हती.

तिने मान वळवली नाही. खुर्ची तेवढी जराशी उजवीकडे सरकवली.

बाहेरचं दार वाजलं. नवरा ड्यूटीवरून आला होता. खोलीच्या दारात येऊन तो थबकला, शर्टाचं वरचं उघडं बटण त्याने घाईघाईने लावलं आणि मान लववून नमस्कार केला.

"बसा, बसा. तुम्हा दोघींचं चालू द्या," तो म्हणाला. "मी चहा ठेवतो."

तो स्वयंपाकघरात गेला. भांड्यात पाणी पडल्याचा आवाज आला.

मग तिथूनच त्याने, पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून दबक्या आवाजात विचारलं, "अगं, त्यांना साखर चालते ना?"